दोन दिवसांची रजा आणि जुवारीचे पाणी

मुंबईसारख्या महानगरात वकिली करणाऱ्या माणसाच्या वाट्यास फुरसत येते ती तारखांच्या फटींतून. शुक्रवारचे कामकाज आटोपावे आणि सोमवारी पुन्हा न्यायालयात उभे राहावे, एवढ्यात जो प्रवास बसेल तोच आमचा. अशा दोन दिवसांत मातोश्रींना कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला न्यावयाचे, असा बेत आम्ही योजिला आहे. मातोश्रींचे वय एकोणऐंशी. कुलदेवतेची ओटी स्वहस्ते भरावी ही त्यांची इच्छा गेली तीन वर्षे गुडघ्यांच्या दुखण्यापायी तहकूब होत आली आहे. आणि ज्या अर्जास पुढील तारीख मिळेलच अशी शाश्वती नाही तो आधी चालवावा, हे वकिलास कोणी सांगावयास नको.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४१ किलोमीटरांचा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला आणि गोमंतक मुंबईकरांपासून एका रात्रीच्या अंतरावर आले. त्यापूर्वी एकतर मिरज-लोंढ्याचा वळसा, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरील बोट; रजेचा मोठा भाग वाटेतच खर्ची पडे. आज गाड्या पुष्कळ आहेत, परंतु आम्ही वेग पाहून गाडी निवडली नाही. कोकणकन्या रात्री निघते, आणि मुख्य म्हणजे मडगावास तिचा प्रवास संपतो. वाटेतल्या स्थानकावर दोन मिनिटांत वृद्ध माणसास उतरविणे म्हणजे शत्रूच्या किल्ल्यावरून दोराने उतरणे होय. मडगावास ती धांदल नाही. परतीची गाडीही तेथूनच सुटत असल्याने चढणेही सावकाश होईल. पावसाळ्यात या मार्गावर गाड्यांची गती कमी करून वेळापत्रक निराळे ठेवितात. माघातील जत्रेची गर्दी मातोश्रींच्या गुडघ्यांस मानवणार नाही. म्हणून या दोहोंमधला मार्गशीर्ष ठरविला.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. खालच्या बाकाचा नियम मात्र वाचकांनी नीट समजून घ्यावा. साठीवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी काही खालची बाके राखून ठेविलेली असतात. पण त्या राखीव कोट्यात एका तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसे असावी लागतात. सारे कुटुंब एका तिकिटात कोंबले की त्या कोट्याचा लाभ मिळत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी नुकतीच पंचेचाळिशी ओलांडली आहे. ही गोष्ट चारचौघांत त्यांना मान्य नसली, तरी सासूबाईंच्या तिकिटापुरती ती त्यांनी लेखी कबूल करण्याचे औदार्य दाखविले आहे.

बेत जाहीर होताच चिरंजीवांनी यादी सादर केली : मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, जुने गोवे आणि सायंकाळी मिरामारचा किनारा. युक्तिवाद बिनतोड होता. पहिली तीन देवस्थाने फोंड्याच्या परिसरातच आहेत. पण दर ठिकाणी गाडीतून उतरणे, पायऱ्या चढणे आणि पुन्हा गाडीत बसणे आलेच. मातोश्रींनी यादी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "देवी खंय वचना. आमी सवकास वचूंया."

हे ऐकून आम्हांस इतिहास आठवला. देवीलाही एकदा जावे लागले होते! सोळाव्या शतकात साष्टीतील देवळांवर पोर्तुगीज सत्तेचा घाला पडला, तेव्हा केळोशीची शांतादुर्गा जुवारीपार अंत्रुज महालात कवळ्यास आली. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर होता. आजचे देवालय शाहू महाराजांच्या काळातले, इ. स. १७३८ चे. ज्यांनी देवीला पलीकडे नेले त्यांचे घरदार, शेतभात मागे राहिले. जे सोडवत नव्हते तेवढेच त्यांनी बरोबर घेतले. त्यांना सवड नव्हती. आम्हांस दोन दिवसांची आहे, आणि तीही आम्ही धावण्यात घालवावी हे आमच्या बुद्धीस पटेना.

तेव्हा निकाल असा : शनिवारी मडगावास उतरून बोरीच्या पुलावरून कवळे, अग्रशाळेत तळमजल्यावरची खोली, सायंकाळची आरती. रविवारी सकाळी ओटी, मग विश्रांती, आणि संध्याकाळची गाडी. करमळीस उतरूनही कवळ्यास जाता येते, पण त्या वाटेने जुवारी लागत नाही. बोरीच्या पुलावर मोटार क्षणभर सावकाश चालवावयास सांगू. देवी जे पाणी ओलांडून आली ते मातोश्रींना डोळे भरून पाहू दे. मिरामारचा अर्ज आम्ही फेटाळलेला नाही. चिरंजीवांना पुढील तारखा पुष्कळ आहेत.