मागितले दोन, घातला एक

घरात पहिली पिकअप आली तेव्हा वडिलांनी आळीभर पेढे वाटले, आणि पेढ्यांचा खोका रिकामा व्हायच्या आत दादाने गाडी सारोळ्याला नेली. मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवायला. बॉनेटवरचा हार अजून सुकला नव्हता आणि हा म्हणत होता, मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जादा टाकून घेतो. यात कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या भागात पिकअप घेणारा बहुतेक जण हेच करतो. गाडीच्या कागदावर सव्वा टन लिहिलेलं असतं. सव्वा टन म्हणजे 50 किलोच्या सिमेंटच्या 25 गोण्या. तेवढ्याचं भाडं डिझेल आणि हप्त्यातच जिरतं. 50 गोण्या भरल्या तर चार पैसे घरी येतात. हा हिशेब शेंबडं पोरही करतं.

सारोळे म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावर भोर तालुक्याच्या अगदी टोकाला. कापूरहोळ, किकवी, मग सारोळे, आणि पुढे नीरेचा पूल. पूल उतरला की सातारा जिल्हा लागतो, शिरवळ लागतं. रस्त्यावरचं गाव म्हटल्यावर तिथे पंक्चरवाले, वेल्डिंगवाले आणि पाटेवाले असायचेच. त्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये अण्णा बसायचे. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचे. बैलगाड्या कमी झाल्या, ट्रक वाढले, आणि त्याच भात्यावर, त्याच ऐरणीवर अण्णांनी कमानपाटे धरले. 2010 नंतर रस्ता सहापदरी व्हायला लागला तेव्हा शेड मागे सरकली. ऐरण मात्र तीच राहिली.

त्या दिवशी मी दादाबरोबर होतो. डिप्लोमाला होतो, सुट्टी होती, नव्या गाडीत बसायची हौस होती. अण्णांनी गाडी सपाट जागेवर लावायला सांगितली, खडू घेतला आणि खाली सरकले. दोन्ही बाजूंची उंची हाताच्या वितीने मोजली, चासीवर खडूने खूण केली आणि पाठीवर पडूनच विचारायला सुरुवात केली.

“काय भरणार?”

“मिळंल ते. टोमॅटो, सिमेंट, विटा.”

“रस्ता?”

“मार्केट यार्ड. नाहीतर नसरापूरवरनं वेल्ह्याकडं, बंगल्यांची कामं निघाल्यात तिकडं.”

“आन् येताना?”

“येताना काय अण्णा, रिकामीच.”

“म्हंजे अर्धा जनम रिकामी पळणार. तवाचा इचार कोन करायचा?” बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. “दोन न्हाई घालत. एक घालतो. त्यो बी माझ्या मनानं.”

दादा भडकला. शिरवळला जातो म्हणाला. अण्णा म्हणाले, “जा की. पूल उघडाच हाय.”

दादा गेला नाही. का गेला नाही हे त्याने कधी सांगितलं नाही. बहुधा वडिलांनी अण्णांचंच नाव सांगून पाठवलं होतं म्हणून असेल. पण त्या एका नकारापासून आमच्या घरावर अण्णांचं देणं चढायला लागलं.

अण्णांनी जो एक पाटा घातला तो आखूड, जाड आणि जवळजवळ सरळ होता. तो सगळ्यात खाली बसवला. रिकाम्या गाडीत त्याची टोकं वरच्या पाट्याला टेकतच नव्हती, मधे बोट जाईल एवढी फट होती. माल भरला, कमान दबली, की वरचे पाटे येऊन त्याच्यावर टेकायचे आणि तिथून पुढे तो ओझं घ्यायचा. म्हणजे रिकामी गाडी होती तशीच मऊ, भरलेली गाडी कडक. दादाला हवे होते ते लांब पाटे घातले असते तर गाडी चोवीस तास कडक राहिली असती. अशी गाडी रिकामी धावताना मागून उड्या मारते. चाक जमिनीवर नीट टेकत नाही आणि वळणावर बारीक खडी आली की शेपूट बाहेर जाते. ज्याने पाबे घाटात रिकाम्या गाडीत ब्रेक मारलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

त्या सुट्टीत अण्णांनी मला कामाला ठेवून घेतलं. मी मागितलं नव्हतं. टोमॅटोचा भाव पडला होता, तोडणीची मजुरीही सुटत नव्हती, आणि माझी फी भरायची राहिली होती. वडील हे दादाजवळ बोलले, दादा अण्णांजवळ बोलला. अण्णांनी फीची रक्कम काढून दिली आणि वहीत ‘उचल’ म्हणून लिहिली. “फुकट न्हाई,” म्हणाले, “यू बोल्ट खोलायला हात लागत्यात मला.”

यू बोल्ट खोलणं हे त्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. नट गंजलेले असतात. आदल्या संध्याकाळी त्यांना डिझेल पाजून ठेवायचं आणि सकाळी पाइप लावून जोर करायचा. सेंटर बोल्ट काढायच्या आधी पाटे दोन्ही बाजूंनी आवळून घ्यायचे, कारण आत दाबलेली कमान सुटली तर दात पाडते. पाटे सुटे झाले की मधून लाल गंजाची पूड पडायची, जत्रेत उधळलेल्या गुलालासारखी. संध्याकाळपर्यंत नाकात तीच. मग ब्रश मारायचा, प्रत्येक पाटा उजेडात धरून चीर शोधायची. चीर बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या भोकापासून निघते. अण्णा चीर डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघायचे. पाटा दोरीला टांगून हातोडीने टिचकी मारायची. चांगला पाटा लांबवर वाजतो, चीर गेलेला बद्द बोलतो.

चीर गेलेल्या पाट्याला अण्णांनी कधी वेल्डिंग मारू दिलं नाही. गिऱ्हाईक हातापाया पडायचं, आजच्या दिवस निभावून न्या म्हणायचं. नाही म्हणजे नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा त्याच जागी, जोडाच्या कडेला, पुन्हा तुटतो. पाण्याच्या बाबतीत ते फार सोवळे होते. खचलेल्या पाट्याला बाक द्यायचा तर जमेल तिथे थंडच, ऐरणीच्या खोलगट भागावर बोट-बोट सरकवत घणाने. भट्टीत घालायचाच झाला तर शेडचा पडदा खाली सोडायचे, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. लाल झालेला पाटा तेलात बुडवला की तो कडक होतो, पण ठिसूळही. म्हणून पुन्हा हलका तापवायचा. किती? अण्णा हातोडीचा लाकडी दांडा पाट्यावर घासून बघायचे. लाकडाच्या ठिणग्या दिसल्या की बास. आमच्या कॉलेजात याच गोष्टीला टेंपरिंग म्हणायचे आणि तिच्यावर पाच मार्कांचा प्रश्न यायचा.

कॉलेजचा विषय निघाला म्हणून सांगतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, हे सूत्र मला पाठ होतं. त्याचा अर्थ अण्णांच्या शेडमध्ये कळला. आठ मिलिमीटरचा पाटा काढून त्याच लांबी-रुंदीचा दहाचा घातला तर तो सव्वापट नव्हे, जवळजवळ दुप्पट कडक होतो. आठचा घन 512, दहाचा 1000. अण्णांना घन माहीत नव्हता. ते म्हणायचे, “सुताएवढा बी फरक न्हाई, पन गाडी दुप्पट आखडते.” तीच गोष्ट कमानीची. खालच्या पाट्याचा बाक वरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. सुटे असताना दोघांत फट राहते आणि सेंटर बोल्ट आवळला की ती मिटते. त्यामुळे डोळे असलेला वरचा मेन पाटा आधीच उलट्या बाजूला थोडा ताणलेला असतो आणि ओझं आलं की त्याच्यावरचा ताण कमी भरतो. भंगारातून आणलेला कुठलाही पाटा मधे खुपसला की हे सगळं गणित बिघडतं. मेन पाटा तुटतो आणि मालक म्हणतो, पाट्याचं लोखंडच हलकं.

आमच्याच बाजूच्या एकाने दुसरीकडून चार पाटे घालून घेतले होते. पाटा तुटायचा थांबला खरा, पण वर्षाच्या आत चासीला पाट्याच्या हँगरजवळ चीर गेली. ओझं कुठे जाणार? पाटा वाकत नाही म्हटल्यावर दणका पुढच्याला मिळतो.

अण्णा काही साधुसंत नव्हते, हेही लिहायला हवं. एक पाटा त्यांनी घातला तोही कागदावरच्या वजनापेक्षा जास्त भरता यावं म्हणूनच. ते म्हणायचे, “भरू नको म्हनलं तर तू भरनारच. मग मोडू नये एवढं बघतो.” 2019 साली मोटार वाहन कायदा बदलला, जादा वजनाचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असा झाला, तेव्हा दादाचा 50 गोण्यांचा हिशेब आपोआप मोडला. अण्णांच्या शब्दाने जे झालं नाही ते पावतीने केलं.

पण त्याच्या आधी दादाची दुसरी हौस होऊन गेली होती. मार्गासनी, विंझर सोडून आत वाड्या-वस्त्यांवर माल टाकायला लागल्यापासून गाडीचं पोट दगडांना लागत होतं. मोबाइलवर त्याने परदेशातल्या उंच पिकअप बघितल्या होत्या. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत हा मोठा छंद आहे, त्याची तयार किटं मिळतात. दादाचं म्हणणं साधं होतं: ॲक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळे घालायचे, लांब यू बोल्ट टाकायचे, गाडी दोन-तीन इंच वर.

या वेळी अण्णा पुन्हा खडू घेऊन खाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग त्यांनी मला खाली बोलावलं. चासीवर त्यांची जुनी खूण होती. गाडी त्या खुणेपेक्षा चांगली दोन बोटं खाली बसली होती. इतकी वर्षं माल ओढून पाटे खचले होते. “गाडी उचलायची न्हाई,” ते म्हणाले, “खचलीय ती सरळ करायची.”

मग त्यांनी मला ॲक्सलपासून चासीपर्यंत गेलेली एक बारीक कांडी दाखवली. मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते ती. माल भरला, गाडी दबली, की कांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत. सगळं उंचीवरून ठरतं. ठोकळे घातले किंवा पाटे फार कडक केले तर भरलेली गाडीही उंचच उभी राहते. “मग ही कांडी ब्रेकला खोटं सांगाया लागती. म्हनती, गाडी रिकामी हाय.” कात्रजच्या उतारावर दोन टन माल पाठीशी आणि मागचा ब्रेक अर्धा. दादा गाडीखाली वाकून ऐकत होता. त्याने पुन्हा ठोकळ्यांचं नाव काढलं नाही. उंची वाढली की माल उंच जातो आणि गाडी कलंडायला सोपी होते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस लवकर जातो, हे सगळं अण्णांनी सांगितलं. पण दादाला पटली ती कांडी.

पाटे उतरले, थंड बाक दिला, बुश बदलले, गाडी जुन्या खुणेवर आली. बुशवर जळकं ऑइल मारू नको, रबर फुगतं, ही ताकीदही मिळाली. बिल ठोकळ्यांच्या निम्म्याहून कमी झालं.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंची गाय आजारी पडली. पोटात तार गेली होती. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात न्यायची होती. दादाने पिकअप काढली. गाय म्हणजे चारशे किलोच्या आसपास, पिकअपच्या हिशेबाने रिकाम्याच गाडीसारखं वजन. कडक पाट्यांच्या गाडीत जनावर उभं राहू शकत नाही. एका गतिरोधकावर गुडघे टेकतं आणि मग उठत नाही. मी मागे गायीजवळ उभा होतो, दाव्याला धरून. ती पूर्ण रस्ता चार पायांवर उभी राहिली. ऑपरेशन झालं, गाय वाचली. काकू अजून दादाला भाऊबीजेला ओवाळतात. खालचा तो आखूड पाटा त्या दिवशी कुणाला टेकलाच नव्हता, हे त्यांना कसं सांगणार?

2020 च्या टाळेबंदीत अण्णांची शेड बंद होती. भाजीच्या गाड्यांना परवानगी होती. दादा येता-जाता अण्णांच्या ओट्यावर भाजी ठेवायचा, कधी तांदूळ. अण्णांनी ते सगळं बाजारभावाने वहीत आमच्या पानावर जमा बाजूला लिहून ठेवलं. दुकान उघडल्यावर आमच्या गाडीचं एक काम त्यातून वळतं केलं आणि उरले तीनशे चाळीस रुपये. ते दादाने न्यावेत म्हणून आजतागायत वाद चालू आहे. दादा घेत नाही. अण्णा वहीतून खोडत नाहीत.

आता भट्टीवर त्यांचा मुलगा बसतो. अण्णा बाजेवर बसून कानाने पाटे तपासतात. गेल्या दसऱ्याला मी पुण्याहून गेलो तर त्यांनी पहिली वहीच मागवली. “तुझ्या भावाचे तीनशे चाळीस घेऊन जा.”

“आणि माझ्या फीचे?”

“त्ये तू घण मारून फेडलंस. त्ये ह्यात आनू नको.”

विषय बदलायचा म्हणून मी पुतण्याचं सांगितलं. त्याने नवी पिकअप घेतलीय आणि मागे घालायला ऑनलाइन ठोकळे मागवलेत.

अण्णा ताठ बसले. “गाडी घिऊन ये म्हनावं त्येला. आन् ठोकळं बी आन म्हनावं. ऐरणीखाली घालायला बरं पडतील.”