पायाखालचं पाणी

2025 मध्ये ‘छावा’ पाहून आलेल्या प्रत्येकाला बुऱ्हाणपूर हे नाव माहीत झालं. सिनेमा सुरूच होतो तो तिथल्या हल्ल्यानं. आम्हा सेमाडोहच्या लोकांना मात्र हे गाव आधीपासून ठाऊक आहे आणि त्यात इतिहासाचा काही संबंध नाही. धारणीला गाडी बदलायची, देडतलाई मागे टाकायची, की आलं बुऱ्हाणपूर. कामाला, कापडाला, दवाखान्याला माणसं तिकडे जातात. राज्य बदलतं, भाषा निम्मी बदलते, बाजार तोच. माझी ताईसुद्धा तिथंच दिली आहे.

मे महिन्यात मी तिला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला गेलो. भावानं जायचं, बहिणीला माहेरी आणायचं, ही रीतच. पण सातव्या महिन्यात ताईचं बीपी वर गेलेलं. डॉक्टरांनी दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. मायचा फोनवर एकच हेका, “घेऊनच ये.”

दोन दिवस हातात होते. भाऊजी लूमवर, ताई पाय सुजवून कॉटवर. मी सारखा तिच्या तोंडाकडे पाहतोय हे तिच्या लक्षात आलं.

“माह्याकडं काय पाहत बसला बे? जाय, शहर पाहून ये.”

मग मी पायीच निघालो.

शनवारा दरवाज्यातून आत शिरलं की गल्ल्या सुरू होतात. गल्लीत मावा जिलबीचा वास आणि घराघरातून पॉवरलूमची खटखट. फारुकी घराण्यातल्या नासिर खानानं 1400 च्या सुमारास हे गाव वसवलं. नाव दिलं बुरहानुद्दीन गरीब या सूफी संताचं, ज्यांची कबर आपल्या खुलताबादला आहे. जामा मशिदीत मी बराच वेळ थांबलो. तिथं अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली मशीद आणि आत संस्कृत. व्हॉट्सअॅपवरच्या इतिहासात हे कुठं बसवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पण मला ज्यानं धरून ठेवलं ते वर दिसतच नाही. कालव्यांचं शहर म्हटलं की आपल्याला होड्या आणि पूल आठवतात. बुऱ्हाणपूरचे कालवे जमिनीखालून जातात. ते पाहायला लालबागकडे जावं लागतं. तिथं कुंडी भंडारा आहे. लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. पाण्याच्या लालसर रंगावरून ते नाव पडलं, असं सांगतात.

आधी दिसतात ते विहिरींचे गोल कठडे. एक, त्याच्यापुढे दुसरा, मग तिसरा, सातपुड्याच्या दिशेनं रांगेत. अशा शंभराहून जास्त कुंड्या आहेत आणि त्या सगळ्या खालून एकाच बोगद्यानं जोडलेल्या. डोंगरातून झिरपणारं पाणी पायथ्याशी जमिनीखालीच गाठायचं आणि अगदी हलका उतार देऊन बोगद्यानं शहराकडं आणायचं. पंप नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी आपल्या वजनानं येतं. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात. इथली कामगिरी 1615 ची, अब्दुल रहीम खान-ए-खानानच्या काळातली. आराखडा तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराचा. खान-ए-खानान म्हणजे हिंदीच्या पुस्तकातले दोहेवाले रहीम. दक्षिणेत तेव्हा त्यांची झुंज मलिक अंबरशी चालू होती, आणि त्याच दशकात मलिक अंबरनंही खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालून नहर आणली. मैदानात एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं पाण्याच्या बाबतीत एकाच मताचे निघाले.

एका कुंडीत लिफ्टनं खाली उतरता येतं. साधारण 80 फूट. वर मेचं ऊन होतं. खाली हुडहुडी भरली नाही, पण अंगावर काटा आला. एका माणसापुरता बोगदा, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, पायाशी चालतं पाणी. मान वर केली की कुंडीच्या तोंडाएवढं आभाळ. कुंड्या एवढ्या का, हे तिथं कळतं. खोदताना माती वर काढायला, नंतर आत हवा जायला आणि गाळ साचला की माणूस उतरायला. पाणी फुकट येतं, पण बोगदा फुकट उघडा राहत नाही. दर पिढीत कुणीतरी खाली उतरून खरवडत राहिलं असणार. रहीमचं नाव राहिलं, त्या इराण्याचंही राहिलं. खोदणाऱ्या आणि खरवडणाऱ्यांपैकी एकाचंही नाही. 2024 मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. चांगलं झालं.

घरी आलो तर ताई जिन्यावर. हातात कळशी.

“अवं, डॉक्टरनं काय सांगितलं तुले?”

“नळ आजच येतो. उद्या येत नाही.”

कळशी मी घेतली. तिच्याकडे दिवसाआड तासभर पाणी, खालच्या अंगणात. वर दोन ड्रम. चारशे वर्षांपूर्वी डोंगरातून शहरात पाणी आपसूक येत होतं, आणि आता शेवटचे अठरा जिने माझी गरोदर बहीण चढत होती. मी सहा खेपा केल्या. तोपर्यंत माझं मत मायच्या बाजूनं झालं होतं. सेमाडोहला घराखाली सिपना आहे, हातपंप आहे, भरायला मी आहे.

दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून जैनाबादला गेलो. मेमध्ये तापी म्हणजे खडक आणि मधूनमधून डोह. आमची सिपना याच तापीला मिळते. पावसाळ्यात आमच्या पुलाखालून गेलेलं पाणी पुढं या तटाखालून जातं. पलीकडे आहूखाना आहे, जुनी शाही बाग. तिथं आता फार काही उरलेलं नाही. जून 1631 मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपूरला बाळंत झाली. चौदावं मूल, मुलगी. मुलगी जगली, आई गेली. तिला आधी या बागेत पुरलं, आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल नंतरचा.

मी तिथं सावलीत बसलो आणि ताजमहालाचा विचार केला नाही. सम्राटाची बायको होती. हकीम, दाया, दासी, काय कमी असेल? तरी गेली, कारण तेव्हा कुणाकडेच इलाज नव्हता. आज इलाज आहे, पण तो कुठं आहे हा प्रश्न आहे. सेमाडोहहून रात्री ताईला झटके आले तर घटांगचा घाट उतरून परतवाडा, तिथं जमलं नाही तर अमरावती. मेळघाटात अशा रात्रींच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. आमच्या घरातही आहे. मोठी काकू. तिच्याबद्दल माय बोलत नाही. इथं ताईच्या घरापासून ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर.

संध्याकाळी तपासणीत बीपी तेवढंच निघालं. डॉक्टर म्हणाल्या, घाटातून प्रवास नको.

मी गच्चीवर जाऊन मायला फोन लावला.

“माय, ताई इथंच राहते. तू ये.”

बराच वेळ नुसता आवाज. मग, “मी कशी येऊ? लेकीच्या घरचं पाणी कसं पिऊ मी?”

आमच्यात अजून पाळतात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी आईबाप पीत नाहीत. मायनं लग्नानंतर एकदाच बुऱ्हाणपूर पाहिलं होतं, आणि दिवसभर घोटभर पाणी न पिता संध्याकाळच्या गाडीनं परतली होती. मी रीतीवर वाद घातला नाही. फक्त काकूचं नाव घेतलं.

फोन कट झाला. रेंज गेली की तिनं ठेवला, कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती शनवाऱ्याला उतरली. कंडक्टरनं आधी दोन कॅन खाली दिले, वीस-वीस लिटरचे, तोंडाला फडकी बांधलेली. घरच्या हातपंपाचं पाणी. धारणीला गाडी बदलताना एक कॅन थोडा सांडला, म्हणून ती चिडलेली होती.

ते पाणी तिला पाच दिवस पुरलं. सहाव्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा अंगणात रांगेत पहिली कळशी तिची होती.