लाइनेचा तिसरा संघ

आइस हॉकी आपल्याकडे कोण बघतं म्हणा! पण पात्रिक लाइने या फिनलंडच्या पोराने मला नादी लावलं. गोलच्या डाव्या अंगाला तो काठी उगारून उभा राहतो. चकती आली की अडवणं नाही, सावरणं नाही, थेट फटका. गोलरक्षक हलेपर्यंत जाळं थरथरलेलं असतं.

विनिपेग संघाकडून पहिल्या दोन हंगामांत 36 आणि 44 गोल. तिसऱ्या हंगामात एकट्या नोव्हेंबर 2018 मध्ये 18, त्यातले पाच एकाच सामन्यात. आणि उरलेल्या सगळ्या महिन्यांत मिळून फक्त 12! अशा खेळाडूवर जीव लावायचा तरी कसा?

2021 च्या जानेवारीत तो कोलंबस संघात गेला. तिथे दुखापती पाठ सोडेनात, त्यात वडील गेले. 2024 मध्ये मनःस्वास्थ्यासाठी तो खेळापासून दूर झाला. कुणाला हा आळस वाटेल. मला ते धाडस वाटतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माँट्रियल संघाने त्याला घेतलं. कोलंबसने वर ड्राफ्टमधला, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा, आपला एक हक्कही दिला, म्हणजे जवळजवळ पदरमोड करूनच पाठवणी. सराव सामन्यातच गुडघा गेला. 3 डिसेंबरला अखेर उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल. तोच फटका!

हंगामाअखेर 52 सामन्यांत 20 गोल, पैकी 15 प्रतिस्पर्ध्याचा गडी शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना. गाव बदललं, हात तसाच राहिला. दोन्हीकडे सारखेच गडी असतानाच्या खेळातलं त्याचं कच्चेपणही तसंच राहिलं.