बाल्कनीतली सुतारकी

दिवसभर कोड बडवून झाल्यावर हाताला लागेल, उचलून बघता येईल असं काहीतरी बनवावंसं वाटतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांचं दुखणं. मला सुतारकाम करायचंय. जागा म्हणजे बाल्कनी, 8 फूट बाय 4 फूट. प्लायवूडच्या एका अख्ख्या शीटएवढी! बजेट 15 हजार. आणि घरात सहा वर्षांची लेक, तिला बाळदमा.

आधी यादी केली ती अर्थातच मशीन्सची. टेबल सॉ, सँडर, राउटर... मग कागदावर मांडून बघितलं. 4 फुटी फळी टेबल सॉवर उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे 4 फूट आणि पलीकडे 4 फूट मोकळे हवेत. झाली की बाल्कनी! मी कुठे उभा राहू, शेजारच्यांकडे?

पण खरा मुद्दा जागेचा नाहीच. बायकोने एकच प्रश्न विचारला, "अरे, पण धूळ कुठे जाणार?" जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलीय. दम्याला तर ती वाईटच. सँडरची बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगते. रंध्याचे छिलके मात्र पायाशी पडतात, झाडूने भरता येतात. करवतीचा भुसाही बराचसा खालीच बसतो. म्हणून ठरलं, फक्त हाताची अवजारं.

तर प्लॅन असा. 4 फूट बाय दीड फुटाचं बेंच, भिंतीला बोल्टने पक्कं, कारण रंधा मारताना हलकं टेबल पुढे सरकतं. त्याला एक वाईस. निम्मे पैसे इथेच. उरलेल्यात एक रंधा, दोन पटाश्या, करवत, गुण्या, चार क्लॅम्प आणि धारेचा दगड. दगडात कंजुषी नाही. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो आणि ती सटकली की हातातच घुसते. प्लाय दुकानातूनच मापात कापून आणायचा. पॉलिश पेपर मारायचा तो गच्चीवर, मास्क लावून. आणि काम करायचं ते लेक खाली खेळायला गेल्यावर, बाल्कनीचं दार बंद करून.

एवढं करूनही तिच्या छातीत घरघर सुरू झाली, तर दुकान बंद. मग बेंचवर कुंड्या ठेवायच्या. तेही प्लॅनमध्ये लिहून ठेवलंय.