नेम

संध्याकाळी आकाशातून सरळ निघून जाणारा तेजस्वी ठिपका तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. आमच्या मेरीलँडमधल्या नासाच्या गोडार्ड केंद्रात तयार झालेली ‘नायसर’ ही क्ष-किरण दुर्बीण २०१७ साली त्यावर बसवली, न्यूट्रॉन ताऱ्यांवर नेम धरायला.

पण हलत्या जागेवरून नेम धरायचा कसा? स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीभोवती फेरी मारतं. एकच बाजू पृथ्वीकडे ठेवत असल्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबाने ते मिनिटाला जवळजवळ चार अंश वळतं. सौरपॅनेल फिरतात, सांगाडा किंचित लवतो. म्हणून दुर्बिणीला स्वतःचा छोटा कॅमेरा दिलाय. त्याने ओळखीचे तारे बघून आपण आत्ता कुठे वळलोय ते ठरवायचं आणि दुर्बिणीने तेवढं उलट फिरायचं. पुन्हा पुन्हा.

गेल्या जूनमध्ये एका शनिवारी हे सगळं मी साताऱ्याला बाबांना फोनवर सांगत होतो. आमचे दुपारचे बारा, तिथे रात्रीचे साडेनऊ. अठरा वर्षांचा शिरस्ता. बाबा नुसतं ‘हं, हं’ म्हणत होते. नंतर आई हळूच म्हणाली, “अरे, वर्षभर ते आठलाच झोपतात. शनिवारी तेवढे तुझ्यासाठी जागतात.”

मी अजून अठरा वर्षांपूर्वीच्या बाबांवरच नेम धरून होतो.

आता सकाळी साडेसातला फोन करतो. तिथे संध्याकाळचे पाच. बाबाच विचारतात, “काय म्हणते तुझी दुर्बीण?”

तुमच्या घरी हल्ली किती वाजता झोपतात? एकदा विचारून बघा.