पेठेचा डावा पाय

कोल्हापूरला आमच्याकडची माणसे अंबाबाईच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, नाहीतर तांबडा-पांढरा रस्सा ओरपायला जातात. केवळ फुटबॉलचा सामना पाहण्यासाठी मुंबईहून निघालेला आमच्या सोसायटीतला मीच पहिला असेन. "फुटबॉलच पाहायचाय ना? मग घरात टीव्ही काय शोभेला ठेवलाय?" असे सौ. म्हणाली, आणि तिचे फारसे चुकले नव्हते.

पण याला कारण आमचे चिरंजीव. वय वर्षे चौदा. रात्र रात्र जागून इंग्लंडमधले सामने पाहतात आणि पाठीवर एका नॉर्वेच्या खेळाडूचे आडनाव मिरवतात. माझे आजोळ कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल जोरात चालतो असे मी जेवताना सहज म्हणालो, तर हे गृहस्थ हसले. "कोल्हापूरला? फुटबॉल?" त्या हसण्यावरून मी महालक्ष्मी एक्स्प्रेसची दोन तिकिटे काढली. गेल्या फेब्रुवारीतली ही गोष्ट.

सकाळी स्टेशनवर थोरला मामेभाऊ न्यायला आला होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. साठीला टेकला आहे, सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि बोलणे मोजके. चालताना उजवीकडे किंचित झुकतो. चहा झाल्यावर त्याने चिरंजीवांच्या पाठीवरचे नाव वाचले, "बरं आहे," एवढेच म्हणाला आणि दुकान उघडायला गेला.

कोल्हापूरचा फुटबॉल समजायचा तर आधी तालीम समजली पाहिजे. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले, त्या आधीपासून इथे पेठापेठांतून तालमी घुमत आहेत. कुस्तीची लाल माती जिथली, फुटबॉलचा संघही तिथलाच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही सगळी नावे आखाड्याची, आणि अकरा गडी मात्र चेंडूमागे धावणारे. मंगळवार पेठेतला आणि शिवाजी पेठेतला माणूस एका लग्नाच्या पंगतीला गोडीने जेवेल. पण शाहू स्टेडियमवर त्यांना शेजारी बसवू नये. विश्वचषकाच्या दिवसांत याच गल्ल्यांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. चिरंजीवांना हे सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू निम्मे उतरले होते.

उरलेले निम्मे दुपारी उतरले. ऊन तापले होते, तरी पायऱ्या भरलेल्या. शेंगदाणे, ऊस, शिट्ट्या, हलगी. "पाव्हणं, सरका जरा," म्हणत एक दूधवाले गृहस्थ आमच्या शेजारी बसले. पलीकडे एक निवृत्त गुरुजी आणि मागे चार-पाच तरुण. दादा आमच्या एक पायरी खाली, एकटा. सामना उपान्त्य फेरीचा आणि आजोळची तालीम मैदानात.

त्या तालमीच्या संघात एक सतरा वर्षांचा पोरगा होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही; पोराच्या मानेवर आधीच पुष्कळ ओझे आहे. काडीसारखा बारीक, शर्ट दोन मापे मोठा. पण चेंडू डाव्या पायाशी आला की तो पायाला चिकटे. पहिल्या दहा मिनिटांत त्याने एकाला आतून चकवले, दुसऱ्याला बाहेरून, तिसरा आपला आपणच पडला. सारे स्टेडियम उभे राहिले. समोर मोकळा गडी हात वर करून पास मागत होता. पोराने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. स्वतःच मारला आणि चेंडू खांबाच्या वरून गेला.

"जातंय बघा! इंडियाला जातंय हे पोरगं!" दूधवाले ओरडले.

"कुठं जातंय?" गुरुजी म्हणाले. "वारं आलं की पडतंय. पन्नास किलो तरी भरतंय का?"

"अंग काय, धरंल की! म्हशीचं ताजं दूध पाजा."

"दुधानं उजवा पाय येत न्हाई. बघा जरा, सगळं डाव्यानंच चाललंय. मोठ्या संघात गेला की दोन दिवसांत ओळखतील."

मागचे तरुण पुढे वाकले. एकाने अनिकेत जाधवचे नाव काढले आणि वादाला रंग चढला. कोल्हापूरचा हा मुलगा लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत भारताचा संघ फिफाच्या विश्वचषकात प्रथमच उतरला. अमेरिकेने तीन गोलांनी हरवले, कोलंबियाने २-१ असे, घानाने चार गोलांनी. नऊ गोल खाल्ले आणि एकच केला. तो मणिपूरच्या जिक्सन सिंगने ब्याऐंशीव्या मिनिटाला डोक्याने मारला, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. अख्खा देश नाचला तो जेमतेम एक मिनिट.

"विश्वचषक खेळला! आनि काय पायजे मर्दा?" एक तरुण म्हणाला.

"तवा सतरा वर्षांचा होता," दुसरा म्हणाला. "सतराव्या वर्षी समदेच भारी असत्यात. पुढचं बोल."

"पुढं जमशेदपूर, हैदराबाद... आयएसएल खेळला की! २०२२ ला मोठ्या इंडियाच्या यादीत बी आला."

"यादीत आला. पण छेत्री झाला का?"

यावर क्षणभर कोणी बोलेना. मला तो प्रश्नच अन्यायाचा वाटला. विश्वचषकाच्या त्या एकवीस मुलांपैकी काही पुढे भारताच्या मुख्य संघात गेली, काहींची नावे आज फक्त जुन्या बातम्यांत सापडतात. आणि कोण कुठे जाईल हे त्या वेळी छातीठोकपणे कोण सांगू शकला असता? त्यांच्यातलाच अन्वर अली पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमध्ये भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले, त्यात एक गोल त्याचा. दुसऱ्या वर्षी त्याच्या हृदयात दोष सापडला. खेळायला मनाई झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आता संपला, असे सगळे म्हणाले. २०२२ साली तो भारताच्या मुख्य संघातून खेळत होता! सतराव्या वर्षी पत्रिका मांडणाऱ्यांनी याचा कोणता ग्रह पाहिला असता, कोण जाणे.

मध्यंतर झाले. चहा आला. एका तरुणाने हळूच बातमी फोडली. पोराला पुण्याहून बोलावणे आले होते, मोठ्या संघाच्या निवड चाचणीसाठी. चाचणी येत्या रविवारी. आणि तालीम आज जिंकली तर अंतिम सामनाही त्याच रविवारी.

मग जे झाले ते मी विसरणार नाही. इतका वेळ 'इंडियाला जातंय' म्हणून घसा फोडणारे दूधवाले एकदम म्हणाले, "हॅः! फायनल सोडून? चाचणी काय, फुडल्या वर्षी बी असतीया. पेठंची अब्रू हाय का न्हाई?" आणि त्या पोराला चार पैशांचेही गुण न देणारे गुरुजी चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "पाठवा त्याला. पडलाच तर पुण्यात पडू दे." तरुणांत फूट पडली. त्याच्यावर ज्यांचा जीव जास्त, तेच त्याला सोडायला तयार नव्हते.

दादा खाली बसून शेंगा सोलत होता. त्याला कुणी काहीच विचारले नाही. विचारायचे नाही, हे त्या पायऱ्यांवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

कारण १९८४ साली पेठेचा तो पोरगा दादा होता. मी तेव्हा शाळेत. मामांच्या माडीवरून मी त्याला लोकांच्या खांद्यावर बसून येताना पाहिले आहे. गुलालाने ओळखू येत नव्हता. पुढे मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने त्याला नेले, नोकरीसुद्धा देणार होते. तीन महिन्यांत परत आला. गुडघा गेला तो नंतर, इथल्याच मैदानावर. घरात सांगत, मुंबईची हवा मानवली नाही. खरे कारण त्याने मला एकदाच, रंकाळ्यावर बसून सांगितले होते. "तिकडं गोल मारला तरी कुणी नाव घेऊन ओरडायचं नाही रे. टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे."

तालीम त्या दिवशी २-१ अशी जिंकली. दुसरा गोल पोराचा, डाव्या पायाचा. दूधवाल्यांनी चिरंजीवांना मिठी मारली, आणि त्यांचा नॉर्वेचा शर्ट तंबाखू आणि घामाच्या वासाने कायमचा बाटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाने आम्हा दोघांना उठवले. "चला." तालमीच्या मागे थोडी मोकळी जागा आहे, एका बाजूला उंच भिंत. तो पोरगा तिथे आधीच येऊन थांबला होता. त्याच्या उजव्या पायात बूट होता, डावा पाय अनवाणी. दादाने भिंतीवर खडूने चौकोन काढला. पोरगा उजव्याने मारू लागला. पहिले दहाच्या दहा बाहेर. आदल्या दिवशी ज्याने तिघांना लोळवले, तो एखाद्या नवशिक्यासारखा अडखळत होता. चुकून डावा पाय पुढे आला की बोटांना लागे, तो कळवळे, आणि दादा म्हणे, "हां. लागू दे." आमचे चिरंजीव न सांगता धावत जाऊन चेंडू आणून देऊ लागले.

"दादा, मी काय करू? सगळे म्हणतात फायनल खेळ," पोराने मध्येच विचारले.

"पुण्याची गाडी किती वाजता आहे?"

"शनिवारी सकाळी."

"मग शनिवारपर्यंत रोज ये. अजून चाळीस राहिले."

मी जरा बाजूला घेऊन दादाला विचारले, "होईल का रे हा मोठा?"

"मला काय माहीत?" दादा म्हणाला. "उजवा पाय होईल बहुतेक."

आम्ही त्याच रात्री मुंबईला परतलो. सोमवारी सकाळी, मी कचेरीला निघण्याच्या गडबडीत असताना दादाचा फोन आला.

"फायनल हरलो. एक-शून्य."

"आणि पोरगा?"

"पुण्याला आहे. चाचणी झाली, निकाल पंधरा दिवसांनी कळवणार आहेत."

"पेठेत काय म्हणतात? तुझ्याशी बोलतात ना?"

दादा जरा थांबला. "गुरुजी बोलतात," तो म्हणाला.