सर्वांदेखत

पेढीतील बिलिंगचे संगणक ग्राहकांच्या वाय-फायपासून वेगळे राहावेत, म्हणून धाकट्या बंधूंनी स्विचवर दोन व्हीलॅन केले; राउटरवरील नोंदी मी केल्या. दुसऱ्या दिवशी वाय-फाय सुरळीत, बिलिंग मात्र ठप्प. प्रत्येक संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसे. राउटरच्या डीएचसीपीकडून पत्ता न मिळाल्यास संगणक असा पत्ता स्वतःच घेतो.

मी नोकरमंडळींसमोर बंधूंना नको ते बोललो. त्यांनी उत्तर दिले नाही; शेजारशेजारच्या दोन संगणकांना हाताने योग्य पत्ते दिले. शेजारचा संगणक प्रतिसाद देई, राउटर देईना. म्हणजे स्विचच्या आत सर्व ठीक होते. दोष राउटरकडे जाणाऱ्या दुव्यावर होता. स्विच बिलिंगच्या प्रत्येक संदेशावर २० ही खूण लावून पाठवीत होता. राउटरवर मी घाईत २ लिहिले होते. अनोळखी खुणेचा संदेश राउटर स्वीकारीत नाही.

आकडा सुधारताच संगणकांना पत्ते मिळाले. संवत्सरीला अजून अवकाश होता. परंतु दोष सर्वांदेखत दिला होता, म्हणून बंधूंना 'मिच्छामि दुक्कडम्' त्याच क्षणी, सर्वांदेखतच म्हणालो.